आधी काढायची ओळ

इनास सरांच्या टेबलावर कधी पसारा नसायचा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि डाव्या हाताला पाण्याची स्टीलची बाटली, एवढंच. बाकी आमची टेबलं म्हणजे डब्याच्या पिशव्या, छत्र्या, फ्लॉप्यांचे खोके आणि कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका. सर संध्याकाळी उठून गेले की त्या जागी कुणी बसतं की नाही अशी शंका यावी. नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता तेव्हा मी माझी पर्स त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर ठेवली होती. ते जेवून आले आणि तिला अडखळले. रागावले नाहीत. खाली वाकून, चाचपून त्यांनी ती उचलली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वाटेत काही ठेवू नकोस, सुजाता." पर्स त्यांच्या पायाशीच पडली होती, मग चाचपायला का लागलं, असं मला वाटून गेलं. पण नवीन नोकरीत माणूस असं काही विचारत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसई स्टेशनच्या पश्चिमेला एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. मालक प्रधान साहेब आणि आम्ही सहा-सात जण. छापखानेवाले ज्या परदेशी प्रोग्रॅमवर पानं लावत, त्याला मराठी कळत नसे. आम्ही त्याला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम बनवायचो, प्लगइन. तो बसवला की त्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप करता यायचं आणि ओळ तुटताना जोडाक्षर मधूनच फुटायचं नाही. मी विरारहून यायचे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडिलांनी विरारला फ्लॅट घेतला म्हणून इथले झालो. इनास सर मात्र इथलेच, वटारचे. घरची केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. वय पस्तिशीच्या आसपास. आधी अंधेरीला एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. ती नोकरी सोडून ते कमी पगारावर वसईत का आले, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. "घराजवळ बरं पडतं," एवढंच ते सांगत.

त्यांना लोक थोडे घमेंडखोर समजत. जिन्यात समोरून आलात तरी ओळख देणार नाहीत. हात पुढे केलात तर तो हवेतच राहील. पण तुम्ही "सर" म्हणून हाक मारलीत की चेहरा एकदम उजळायचा, आणि मग घरच्यांची, गावची, सगळी विचारपूस. थंडीच्या दिवसांत ते लवकर निघायचे, अंधार पडायच्या आत. स्क्रीनला नाक लावून बसायचे आणि वाचताना डोळ्यांऐवजी डोकं हलवायचे, कोंबडीसारखं, डावीकडून उजवीकडे. प्रोग्रॅम तपासायला लावला की चर्चमधलं एखादं गाणं गुणगुणायचे, शब्दांवाचून. अधूनमधून केळीच्या पानात बांधलेला मोगरा आणायचे, आईने ऑफिसातल्या मुलींसाठी दिलेला. देताना सांगायचे, "आईने दिलाय," म्हणजे त्यांच्याकडून आहे असं कुणाला वाटू नये.

मला त्यांनी दिलेलं पहिलं काम छोटंसं होतं. आपल्या प्लगइनला मोठ्या प्रोग्रॅमकडे नाव नोंदवून ठेवावं लागतं: कुणी नवीन पान उघडलं की मला हाक मार, कुणी कळ दाबली की मला हाक मार. या हाकेला कॉलबॅक म्हणतात. मी ते केलं, चाललं, आणि मी मोठ्या ऐटीत सरांना दाखवायला बोलावलं. ते स्क्रीनवर वाकले. बराच वेळ डोकं हलवत वाचत राहिले.

"नाव नोंदवलंस. खोडतेस कुठे?"

"पान बंद झालं की संपलंच ना, सर?"

"तुझ्यापुरतं संपलं. त्याला कोण सांगणार?" ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "असं समज, तू भुईगावात घर घेतलंस. पाववाल्याला सांगितलंस, रोज सकाळी ये, बेल वाजव, चार पाव दे. मग एक दिवस तू घर सोडून गेलीस. त्याला काही बोलली नाहीस. तो काय करेल?"

"येत राहील."

"आणि घरच पाडलं असेल तर?"

मी हसले.

"बेल वाजवायला पुढे होईल आणि सायकलसकट पायाच्या खड्ड्यात पडेल. मोठा प्रोग्रॅम असाच पडतो. मग लोक म्हणतात, कॉम्प्युटर बिघडला." मग माझ्या हातातून कीबोर्ड घेऊन त्यांनी फाइलच्या तळाशी एक ओळ लिहिली, नाव खोडायची. "आधी काढायची ओळ लिहायची. मग वर जाऊन लावायची. उलटं केलंस तर विसरशील."

ते स्वतः तसंच करायचे. कुठलंही काम तळापासून सुरू. आपलं काम झालं की आपला मागमूस राहता कामा नये, असं ते म्हणत. आम्ही त्याला 'सरांचा झाडू' म्हणायचो आणि त्यावर ते मनापासून हसायचे.

शनिवारी अर्धा दिवस असे. दुपारी खाली रस्त्यावर स्कूटरचा हॉर्न वाजे, दोनदा, आणि सर बाटली उचलून उठत. ती लीना. वसई गावातल्या एका शाळेत शिकवायची. दोघांचा साखरपुडा झालेला होता. आम्ही खिडकीतून बघायचो. ती स्कूटर चालवायची आणि हे मागे बसायचे, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. त्या काळी वसईत हे दृश्य नवीन होतं आणि ऑफिसात त्यावरून चेष्टा चालायची. प्रधान साहेब म्हणायचे, "इनास, तू कधी चालवणार?" सर म्हणायचे, "तिला चांगली चालवता येते."

हे सगळं कशामुळे, ते मला विरारला कळलं. तिथल्या एका छापखान्यातून तक्रार आली होती. नाईक नावाचे मालक होते, लग्नपत्रिकांचं काम जोरात. अक्षरं दुप्पट उमटतायत, म्हणाले. मी विरारचीच असल्यामुळे सर मला घेऊन गेले. नाईकांनी एक पत्रिका उघडून दाखवली. मुलीचं नाव मीनल. टाइप केलं की 'मम'पासून सुरुवात, प्रत्येक अक्षर दोनदा.

"पहिली पत्रिका नीट निघते," नाईक म्हणाले. "ती बंद करून दुसरी उघडली की एकाची दोन. तिसरीला एकाची तीन. मुलीचा बाप आत्ताच उठून गेला इथून. मी त्याला काय सांगू?"

सरांना ते ऐकताच कळलं. दर वेळी पान उघडताना नाव नोंदवलं जात होतं आणि बंद करताना खोडलं जात नव्हतं. म्हणजे एक कळ दाबली की आमच्या प्लगइनला दोन हाका, मग तीन, आणि प्रत्येक हाकेला तो इमानाने एक अक्षर उमटवत होता. "आमचीच चूक आहे," सर म्हणाले. "तोपर्यंत दर पत्रिकेनंतर सगळा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा. दोन दिवसांत दुरुस्त करून देतो." मला म्हणाले, "कुणीतरी खोडायचं विसरलंय."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीत गटाराचं काम चाललेलं, फरश्या उचललेल्या. मी पुढे चालत होते. मागून पावलांचा आवाज येईना म्हणून वळले, तर सर छापखान्याच्या पायरीवरच उभे. एक पाय खाली सोडून जमीन शोधत होते. मी परत गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला जरा धरून चालू दे."

स्टेशनपर्यंत आम्ही तसेच गेलो. चालता चालता त्यांनी सांगितलं. कॉलेजात असताना रात्रीचं दिसेनासं झालं. मग बाजूचं. आता नळीतून पाहिल्यासारखं, समोरचं तेवढं. नळी बारीक होत चालली आहे आणि एक दिवस ती बंद होणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अंधेरीची नोकरी त्यामुळेच सुटली, रोजच्या येण्याजाण्यात दोनदा पडले होते.

"ऑफिसात बोलू नकोस."

"प्रधान साहेबांना तरी..."

"त्यांना तर नकोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या आधी येऊन बसले होते. चूक असलेली फाइल त्यांची स्वतःचीच निघाली. मी डबा ठेवून बसले, माझं काम सुरू केलं, आणि ते एकाच पानावर वाकलेले. गाणं नाही, काही नाही. शेवटी त्यांनी मला बोलावलं.

"काढायची ओळ आहे. मीच लिहिलीये. बघ, आहे ना?"

"आहे, सर."

"मग खोडलं का जात नाही? दोन्ही ओळी मोठ्याने वाच. एकेक अक्षर."

मी वाचल्या. नाव नोंदवताना शेवटचं अक्षर इंग्रजी एल होतं. खोडताना तिथे एकचा आकडा होता. मोठा प्रोग्रॅम ते नाव शोधायचा, त्याला सापडायचं नाही, आणि काही न बोलता तो पुढे जायचा.

"परत वाच."

मी परत वाचलं. तोवर प्रधान साहेब मागे येऊन उभे राहिले होते. ते हसले. "अरे, एल आणि एक कुणालाही सारखेच दिसतात. एवढं काय त्यात?"

सरांनी मान वळवली, पण साहेब उभे होते त्याच्या जरा डावीकडे. "मला आता बरंच काही सारखं दिसतं, साहेब," ते म्हणाले. आणि आदल्या संध्याकाळी मला जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, शांतपणे सांगून टाकलं. मला गप्प राहायला सांगून एक रात्र झाली होती फक्त.

प्रधान साहेब चांगले माणूस होते. आठवड्याच्या आत त्यांनी सरांसाठी मोठा मॉनिटर आणला. आम्ही सगळेही चांगलेच वागलो, आणि तेच बहुधा सरांना जड गेलं. चहा थेट हातात द्यायचा. उठले की कुणीतरी खुर्ची सरकवायची. आणि का कोण जाणे, सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले, जणू त्यांचे कान गेलेत. सर "थँक्यू" म्हणायचे. त्या महिन्यात मी त्यांना जितक्या वेळा थँक्यू म्हणताना ऐकलं, तितकं आधी कधी ऐकलं नव्हतं. 'सरांचा झाडू'वरून त्यांना कुणी चिडवेना झालं.

त्यानंतरच्या एका शनिवारी हॉर्न वाजला नाही. लीना जिना चढून वर आली. ऑफिसात ती पहिल्यांदाच येत होती. दोघं पॅसेजमध्ये पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहिले. माझं टेबल दाराशी होतं, ऐकू येणं टळणार नव्हतं. सुरुवातीला ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होते आणि मला अर्धंच कळत होतं. तिला साखरपुड्याच्या आधीपासून सगळं माहीत होतं, एवढं समजलं. मग सर एकदम ऑफिसातल्या मराठीत बोलायला लागले, जशी ते गिऱ्हाइकांशी बोलत.

"काल तुमच्या घरी जाऊन आलो. तुझ्या बाबांना सांगितलं, हे लग्न होणार नाही. फादरनाही सांगितलं."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून."

तिने त्यांना समजावलं नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "आता घरी कसा जाणार?"

"रिक्षाने."

ती खाली गेली. सर आत येऊन जागेवर बसले आणि त्यांनी मॉनिटर सुरू केला, अर्ध्या दिवसाची सुट्टी असताना. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज फार उशिरा आला. तोपर्यंत सरांनी एकही कळ दाबली नव्हती.

पुढचं जवळजवळ वर्षभर ते राहिले. मला शिकवण्यासाठी राहिले असं आता वाटतं. प्रत्येक फाइल ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत आणि डोळे मिटून ऐकत. कुठे नाव नोंदवलंय, कुठे खोडलंय, त्यांना पाठ होतं. मी चुकून एखादी ओळ गाळली की हात वर करायचे. शेवटी शेवटी मला त्यांना काही विचारावं लागेनासं झालं. ते त्यांच्या लक्षात आलं, माझ्या आधी. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. प्रधान साहेबांनी खूप आग्रह केला. सर म्हणाले, "साहेब, आता मी इथे बसतो ते तुमच्या चांगुलपणावर."

शेवटच्या दिवशी त्यांनी चहावाल्याला सांगितलं, उद्यापासून एक कमी. खालच्या रिक्षावाल्याला सांगितलं, उद्या थांबू नकोस. मग मला शेजारी बसवून प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं त्यांचं नाव माझ्याकडून पुसून घेतलं.

"सर, नाव राहू दे की. तुम्हीच लिहिलंय हे."

"कुणी अडलं तर नाव बघून मला फोन करेल. मला बघता येणार नाही, त्याला नीट सांगता येणार नाही. दोघांनाही अवघड."

"मी करू का फोन? सहजच."

"नको करूस. करायला हवा म्हणून केलेला फोन मला लगेच ऐकू येतो."

तरी मी दोनदा केला. ते छान बोलले, आईवडिलांची चौकशी केली, कामाचं विचारलं. दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर मला वाटलं, मी त्यांना काहीतरी करायला भाग पाडलं. मग नाही केला.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि पुण्याला नोकरी मिळाली. जाण्याआधी एका रविवारी मी वटारला गेले, न कळवता. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. घर शोधायला लागलं नाही, वाडीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. ओट्यावर आई बसल्या होत्या, खूप म्हाताऱ्या.

"कोन हाय?"

"मी सुजाता. इनास सरांच्या ऑफिसातली."

"इनू, तुज्या हापिसातली आली बघ." आणि मला, "बस गो. पानी पी आदी."

सर मागच्या बाजूने आले. हातात मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली. कळी किती भरली आहे ते बोटांना कळतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. डोळे माझ्या दिशेला होते, पण आता ते कशावरच थांबत नव्हते. "सुजाता," ते म्हणाले, "पावलं जड पडायला लागलीत तुझी. लग्न ठरलं वाटतं." आम्ही हसलो. आई चहा ठेवायला आत गेल्या.

खोलीत कॉम्प्युटर होता. त्यांनी मला तो ऐकवला. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता, बाईच्या आवाजातला, इंग्रजी. "बाई परदेशातली आहे," सर म्हणाले, "तिला वटार म्हणता येत नाही. मी तिला मराठी शिकवायला घेतलंय. वेळ लागेल. पण मला वेळच वेळ आहे." ते हे हसत म्हणाले. मी विचारलं, ऑफिसातलं कुणी येतं का. ते म्हणाले, वसई कुठे जवळ आहे. अर्ध्या तासाचा रस्ता होता तो, रिक्षाने.

चहा देताना आई म्हणाल्या, "लीनाचा लगीन झाला. दोन पोरी हायत. सणाला येते, माज्याजवळ बसते. हा वाडीत जाऊन बसतो तवा." आई कप घेऊन आत गेल्यावर मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मी जाणारच होते.

"सर, तेव्हा तिला विचारलं असतंत तर?"

"माझं गणित बरोबर होतं," ते म्हणाले. टोपलीतल्या कळ्यांवरून त्यांचा हात फिरत होता. "तिचं चांगलं चाललंय. उत्तर चुकलं असतं तर दुरुस्त करायला काहीतरी राहिलं असतं."

निघताना ते मला सोडायला आले, कुंपणाच्या तारेवरून बोटं सरकवत. "पुण्यात थंडी असते, स्वेटर ने," असं काहीतरी म्हणाले. मी वाकून नमस्कार केला तर ते गडबडले, मग अंदाजाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी फाटकातून बाहेर पडले आणि पलीकडे चिंचेखाली उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसले. रिक्षावाला तिथे नव्हता. पान खायला गेला असावा.

तेवढ्यात वळणावरून एक रिक्षा आली आणि फाटकासमोरून चर्चच्या दिशेने गेली. सरांना वाटलं, त्यात मी आहे. त्यांनी हात वर केला आणि त्या आवाजाच्या दिशेने हलवायला लागले. चेहऱ्यावर हसू होतं. रिक्षा लांब गेली, आवाज बारीक झाला, तरी ते हात हलवत होते. आवाज पुरता थांबला तेव्हा हात खाली आला. मग हसू गेलं. ते एकदम नाही गेलं, हळूहळू गेलं, आणि त्याखाली जो चेहरा होता तो मी इतके महिने त्यांच्याजवळ बसून कधी पाहिला नव्हता. ते घरात वळले नाहीत. रस्त्याकडे तोंड करून तसेच उभे राहिले, माझ्यापासून वीस पावलांवर.

घरातून आईंनी विचारलं, "गेली का रे ती?"

"गेली," सर म्हणाले.

मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. कोण कुणाला लाजलं असतं, कळलं नाही. रिक्षावाला परत येताना दिसला तेव्हा मी त्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि खाली उतरले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फाटकात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याने पुढून हँडल धरलं, मी मागून जोर लावला, आणि इंजिन सुरू न करता आम्ही दोघांनी ती रिक्षा ढकलत वळणापलीकडे नेली.